निवळ पाणी आणि निरोगी पाणी : परसातील कोई तळ्याची निगा

मार्च संपत आला की अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत परसातल्या तळ्यांवरचा बर्फ वितळलेला असतो. हिवाळाभर तळाशी निपचित पडून राहिलेले कोई मासे हळूहळू वर येऊ लागतात आणि त्याच सुमारास पाण्याचा रंगही पालटू लागतो. एप्रिलच्या उन्हात ते आधी फिकट आणि मग गर्द हिरवे होते. वीत-दीड वीत लांबीचा, तांबड्या-पांढऱ्या रंगाचा मासा हातभर खोलीवरही दिसेनासा होतो. घर विकत घेताना आयते तळे पदरी पडलेल्या किंवा हौसेने ते खोदून घेतलेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नसतो. अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो पाणी लवकरात लवकर निवळ करण्याचा, आणि त्यासाठी दुकानांत बाटल्याही भरपूर मिळतात.

मात्र या उपायांकडे वळण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. निवळ दिसणारे पाणी आणि माशांना मानवणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशांना मारणारा अमोनिया रंगहीन असतो; नळाच्या पाण्यातील क्लोरीन डोळ्यांना दिसत नाही; प्राणवायू कमी झाल्याचे पाण्याकडे पाहून कळत नाही. काचेसारख्या पारदर्शक पाण्यात एका रात्रीत सगळे मासे दगावू शकतात आणि हिरव्यागार पाण्यात तेच मासे महिनोन्‌महिने धडधाकट राहू शकतात. आधी पाणी निरोगी करावे. मग ते निवळ करण्याचे काम पुष्कळ सोपे होते.

मासा मोठा, तळे लहान

कोई हा शोभेचा मासा असला तरी तो काचेच्या पेटीतला मासा नव्हे. तो कार्प कुळातला. म्हणजे आपल्याकडच्या रोहू आणि कटला यांचा नातेवाईक. जपानच्या निइगाता प्रांतातील यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ भागांत शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतल्या काही माशांवर रंगाचे डाग दिसू लागले आणि निवडक पैदाशीतून आजचे रंगीत वाण घडले. १९१४ साली टोकियो येथील प्रदर्शनात हे मासे मांडले गेले, तेव्हा उर्वरित जपानला त्यांची नीट ओळख झाली.

दुकानात बोटभर दिसणारा हा मासा चांगल्या निगेत दोन फुटांपर्यंत वाढतो आणि पंचवीस-तीस वर्षे सहज जगतो. म्हणूनच तळ्याचे आकारमान ही निगेची पहिली पायरी ठरते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल अशा तळ्याचे घनफळ ३२० घनफूट होते. एका घनफुटात सुमारे ७.४८ अमेरिकन गॅलन पाणी मावते; म्हणजे या तळ्यात साधारण २,४०० गॅलन, अर्थात सुमारे ९,००० लिटर पाणी राहते. एका पूर्ण वाढलेल्या कोईमागे निदान २५० गॅलन पाणी असावे, असा पाळणाऱ्यांमध्ये प्रचलित अंदाज आहे. त्या हिशेबाने अशा तळ्यात आठ-नऊ मासे पुरे. पहिल्या वर्षी छोटे मासे पाहून वीस-पंचवीस आणले, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणतीही गाळणी पुरी पडत नाही. तळ्यातील पाण्याचा नेमका आकडा लिहून ठेवणेही आवश्यक असते, कारण पुढची प्रत्येक मात्रा, मग ती मिठाची असो की औषधाची, त्याच आकड्यावर ठरते.

न दिसणारे विष

मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही तो तयार होतो. निसर्गात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. यांपैकी अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेतो आणि रक्त तपकिरी दिसू लागते. नायट्रेट मात्र त्यामानाने निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून ते काढून टाकता येते.

याचे प्रमाण किती असते, ते एका साध्या हिशेबाने कळते. वरील ९,००० लिटरच्या तळ्यात रोज १०० ग्रॅम खाद्य टाकले, तर त्यातून ढोबळमानाने ३ ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. म्हणजे दर लिटरमागे रोज सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅमची भर. जिवाणू नसतील तर तीन दिवसांत हा आकडा एक मिलिग्रॅमवर जातो आणि माशांचे हाल सुरू होतात.

हा अमोनिया किती घातक ठरेल, ते पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर जातो. त्यामुळे चाचणीत तोच आकडा आला तरी एका तळ्यात तो सोसण्याजोगा असतो आणि दुसऱ्यात प्राणघातक ठरतो.

नव्या तळ्यात हे जिवाणू पुरेशा संख्येने नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर त्याहूनही अधिक. या काळात मासे थोडे, खाद्य अगदी कमी आणि चाचण्या वारंवार, हेच धोरण योग्य. नायट्राइट वाढले असेल तर साधे मीठ उपयोगी पडते. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दर हजार लिटरला एक किलो, म्हणजे ०.१ टक्का, एवढे प्रमाण पुरते. मात्र मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही, पाणी बदलल्यावरच कमी होते. म्हणून किती मीठ घातले याची नोंद ठेवावी.

क्षारता : दुर्लक्षित राहणारा आकडा

अमोनिया आणि पीएच तपासणारे अनेक जण पाण्याची क्षारता तपासत नाहीत. क्षारता म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची कुवत. जिवाणू अमोनियावर काम करतात तेव्हा ही क्षारता खर्ची पडते. अमोनियातील एका ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता संपते, असे रसायनशास्त्राचे गणित आहे. वरच्या उदाहरणात रोज ३ ग्रॅम नायट्रोजन गृहीत धरला, तर ९,००० लिटर पाण्यात रोज लिटरमागे सव्वादोन ते अडीच मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. महिन्याकाठी सुमारे ७० मिलिग्रॅम. जेथे नळाचे पाणीच मृदू असते, तेथे महिना-दीड महिन्यात ती संपून जाते. मग पीएच एकाएकी कोसळतो, जिवाणूंचे काम थांबते आणि सारी घडी विस्कटते.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातच असतो. खाण्याचा सोडा क्षारता वाढवतो. हजार लिटर पाण्यात १७ ग्रॅम सोड्याने क्षारता लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते. म्हणजे ९,००० लिटरच्या तळ्याला त्यासाठी दीडशे ग्रॅम सोडा लागतो. क्षारता लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास राहील असे पाहावे आणि वाढ थोडी थोडी, काही दिवसांत विभागून करावी.

गाळणीची दोन कामे

गाळणी पाण्यावर दोन वेगळ्या प्रक्रिया करते. पहिली यांत्रिक : विष्ठा, पाने आणि तरंगणारे कण अडवणे. दुसरी जैविक : जिवाणूंना राहायला जागा आणि प्राणवायू पुरवणे. पाणी प्रथम यांत्रिक भागातून आणि मग जैविक भागातून जावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट झाल्यास जिवाणूंच्या वस्तीवर गाळ साचून ती गुदमरते.

दोन्ही भागांची स्वच्छताही वेगवेगळ्या पद्धतीने करावी लागते. यांत्रिक भागातील ब्रश आणि स्पंज उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, प्रसंगी अधिक वेळा धुवावेत. अडवलेली घाण गाळणीतच राहिली तर ती पाण्यातच असते. फक्त नजरेआड झालेली असते. जैविक भाग मात्र क्वचितच हलवावा आणि हलवलाच तर तळ्यातून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खंगाळावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली तो लख्ख धुतला, तर महिनोन्‌महिने वाढवलेली जिवाणूंची वस्ती काही मिनिटांत नष्ट होते आणि तळे पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

पंपाने एक ते दोन तासांत तळ्यातील सर्व पाणी एकदा गाळणीतून फिरवावे, असे प्रमाण सामान्यतः धरतात. पंप रात्रंदिवस चालू ठेवायला हवा. वीज वाचवण्यासाठी तो रात्री बंद केला, तर प्राणवायूअभावी जिवाणू काही तासांतच मरू लागतात. दीर्घकाळ वीज गेली असेल तर गाळणीत कोंडलेले पाणी तळ्यात न सोडता आधी बाहेर काढून टाकावे.

तळाशी गोटे पसरण्याची रीत दिसायला छान, पण कोई तळ्यासाठी गैरसोयीची. गोट्यांच्या फटींत गाळ साचतो, तेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि सडण्यातून विषारी वायू तयार होतात. गुळगुळीत तळ, मध्याकडे उतार आणि मधोमध बाहेर काढणारी मोरी, ही रचना उत्तम. मोरी नसेल तर तळ्यासाठी मिळणाऱ्या व्हॅक्यूमने थोडा थोडा गाळ काढत राहावे. वर्षातून एकदा सगळे पाणी उपसून तळे घासून काढण्याचा उत्साह मात्र आवरावा. त्यात माशांना धक्का बसतो आणि जिवाणूही वाहून जातात.

पाण्याचा रंग काय सांगतो

हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म, एकपेशीय शेवाळाची गर्दी. ऊन आणि नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये ही त्याची खते. गाळणीच्या जाळीतून हे कण सहज निसटतात. त्यावर परिणामकारक साधन म्हणजे अतिनील दिवा. गाळणीतून जाणारे पाणी या दिव्याजवळून नेले की शेवाळाच्या पेशी निकामी होतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते गाळणीत अडकतात. दिवा जळत दिसला तरी त्याची अतिनील शक्ती हळूहळू घटते. म्हणून बहुतेक नळ्या दरवर्षी वसंतात बदलतात आणि काचेचे आवरणही पुसतात. दिव्याने अमोनिया कमी होत नाही आणि भिंतींवरचे लांब तंतूंचे शेवाळही जात नाही. ते काठीभोवती गुंडाळून हातानेच काढावे लागते. भिंतींवरचा बोटभरही नसलेला मखमली थर मात्र राहू द्यावा. तो पोषकद्रव्ये शोषतो आणि मासे तो टिपून खातात.

दुधट, पांढुरके पाणी बहुधा जादा खाद्य किंवा मोकाट वाढलेले जिवाणू यांची खूण असते. अशा वेळी खाद्य थांबवून अमोनिया तपासावा. चहासारखे तपकिरी पाणी पडलेल्या पानांतील टॅनिनमुळे होते. पाने काढून आणि सक्रिय कोळशाच्या पिशवीतून पाणी फिरवून ते निवळते. मातकट पाणी बहुतेकदा काठावरची माती पावसाने वाहून आल्याचे लक्षण. तळ्याचा काठ भोवतालच्या हिरवळीपेक्षा थोडा उंच ठेवला, तर माती आणि हिरवळीवर फवारलेली कीटकनाशके दोन्ही बाहेर राहतात.

येथे तुरटीचा उल्लेख करायलाच हवा. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवण्याची रीत मराठी घरांना परकी नाही आणि तुरटीने कण एकत्र होऊन तळाशी बसतात, हेही खरे. पण तुरटी पाण्याची क्षारता खाते आणि पीएच खाली आणते. हंड्यातल्या पाण्यात कोणी राहत नसते, तळ्यात राहते. क्षारता आधीच कमी असलेल्या तळ्यात तुरटी टाकणे म्हणजे मातीच्या कणांसोबत माशांवरही संकट ओढवून घेणे होय.

शेवाळनाशक रसायनांचेही तसेच. शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. सावली वाढवणे, खाद्य घटवणे आणि पाणवनस्पती लावणे हे मार्ग सावकाश फळ देणारे, पण सुरक्षित आहेत. कोई मासे मुळे उकरतात. म्हणून कुमुदासारख्या वनस्पती जड कुंडीत, वर मोठे गोटे ठेवून लावाव्यात किंवा शेजारी उथळ वाफा करून त्यातून पाणी फिरवावे.

नळाचे पाणी आणि विसरलेली नळी

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे, हा नायट्रेट कमी करण्याचा आणि क्षारता टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र अमेरिकेतील नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते. मोकळा क्लोरीन एक-दोन दिवस उघड्यावर, हवा सोडत ठेवल्यास उडून जातो. क्लोरामाइन सहजी जात नाही. त्यामुळे आपल्या गावचा पाणीपुरवठा यांतले काय वापरतो, हे त्यांच्या वार्षिक अहवालात पाहून घ्यावे. सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण क्लोरीन निष्प्रभ करते. क्लोरामाइनवर ते वापरले तर त्यातील अमोनिया मोकळा होतो. म्हणून अशा ठिकाणी अमोनियाही बांधून ठेवणारे द्रावण निवडावे.

तळ्यात नळी सोडून फोन घ्यायला आत जाणे आणि ती रात्रभर चालू राहणे, हा या छंदातला नेहमीचा अपघात आहे. वर्षानुवर्षे सांभाळलेले मासे त्यात सकाळपर्यंत दगावतात. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर नळाला बसवला, तर हा धोका जवळजवळ संपतो.

ऋतुमानाप्रमाणे

उन्हाळ्यात मासे अधिक खातात आणि पाण्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात. त्यातच शेवाळ आणि वनस्पती रात्री स्वतःच प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत नाजूक. हवेचा पंप आणि धबधबा यांची खरी गरज तेव्हा असते. कोईला खरेखुरे जठर नसते. एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे, पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

शरद ऋतूत पाने गळण्याआधी तळ्यावर जाळे ताणावे. बगळ्यांपासूनही त्याने संरक्षण मिळते. पाणी १५ अंशांखाली आले की गव्हाच्या अंकुराचे पचायला हलके खाद्य द्यावे आणि १० अंशांखाली, म्हणजे ५० अंश फॅरनहाइटखाली, खाद्य पूर्ण बंद करावे. पृष्ठभाग गोठला तरी वायूंची देवाणघेवाण होण्यासाठी एक भोक खुले राहायला हवे. त्यासाठी तरंगता हीटर मिळतो. बर्फावर हातोडा मारू नये. त्या हादऱ्याने मासे जखमी होतात.

वसंतात नवे मासे आणण्याचा मोह होतो. कोई हर्पिस या विषाणूची ओळख १९९८ साली पटली, आणि तो लागण झालेल्या तळ्यातील बहुसंख्य मासे मारू शकतो. १६ ते २८ अंशांच्या पाण्यात तो प्रकट होतो. म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, याच तापमानाच्या टप्प्यात ठेवून मगच तळ्यात सोडावा. नकोसे झालेले मासे मात्र नदी-नाल्यात कधीही सोडू नयेत. कार्प तळ ढवळून पाणवनस्पती नष्ट करतो. अमेरिकेच्या अनेक जलाशयांत तो उपद्रवी परका ठरला आहे.

मायदेशी जाताना

तीन-चार आठवड्यांच्या भारतभेटीत तळ्याचे काय करावे, हा प्रश्न हमखास पडतो. निरोगी, मोठे कोई एक-दोन आठवडे खाद्याविना सहज राहतात. भीती उपासाची नसून प्रेमळ शेजाऱ्याच्या मुठीची असते. रोजच्या मात्रेच्या लहान पुड्या करून, त्यांवर तारखा घालून ठेवाव्यात आणि उरलेला डबा नजरेआड करावा. शेजाऱ्याला तीनच गोष्टी सांगाव्यात : पंप चालू आहे का, पाण्याची पातळी उतरली आहे का आणि मासे वर येऊन धापा टाकतात का. वीज गेल्यास आपोआप चालू होणारा, बॅटरीवरचा हवेचा पंप ही अशा वेळी फार मोलाची वस्तू ठरते. तळ्याजवळची सर्व विद्युत जोडणी गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या सुरक्षित सॉकेटवर असावी, आणि घरात लहान मुले असतील तर कुंपणाला पर्याय नाही.

आठवड्याचा अर्धा तास

नियमित कामाची यादी मोठी नाही. रोज खाद्य देताना पाच मिनिटे मासे न्याहाळावेत : पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, अंग घासणारा किंवा खायला न येणारा मासा सर्वांत आधी काहीतरी सांगत असतो. आठवड्याला यांत्रिक गाळणी धुवावी, दहा टक्के पाणी बदलावे आणि द्रव रसायनांच्या संचाने अमोनिया, नायट्राइट, पीएच व क्षारता तपासून वहीत नोंदवावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत.

आकडे बिघडले किंवा मासे अस्वस्थ दिसले, तर आधी खाद्य थांबवावे, हवा वाढवावी, पाणी तपासावे आणि क्लोरीन घालवलेल्या, शक्यतो त्याच तापमानाच्या पाण्याने काही भाग बदलावा. औषधाची बाटली त्यानंतर. माशांच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ पाण्यात असते. तपासणी न करता ओतलेले औषध बऱ्याचदा गाळणीतले जिवाणू मारून दुखण्यात भरच घालते.

एवढी शिस्त एक संपूर्ण वर्ष पाळली की जिवाणूंची वस्ती स्थिरावते आणि पुढच्या एप्रिलमधला हिरवेपणा पूर्वीपेक्षा कमी दिवस टिकतो. तेव्हा चार फूट खोल तळाशी फिरणारा मासा वरूनही स्पष्ट दिसू लागतो.